बिसन नावाड्याची बाजू

कुमुदताई,

परवा आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. सगळे चांगलं बोलले. वासुदेवराव बोलता बोलता अडकले आणि सवयीने त्यांनी उजव्या विंगेकडे पाहिलं, जिथे मी प्रॉम्प्टर म्हणून बसत असतो. मी तिथे नव्हतो, लोकांमध्ये बसलो होतो. मग माझं नाव पुकारलं, तर मी उठलोच नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सांगत आलेला माणूस मी. स्वतःचं एक सुचत होतं, पण ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. मला तुमच्याशी भांडायचं होतं.

भांडणं दोन आहेत. एक जुनं, तुमच्या नाटकातल्या बिसन नावाड्यावरून. दुसरं नवं, तुमच्या स्कूटरवरून, आणि ते सुरू होण्याआधीच तुम्ही निघून गेलात. लिहायला बसलो तेव्हा ही दोन वेगळी भांडणं आहेत असं मला वाटत होतं.

मंडळासाठी तुम्ही बरीच नाटकं बसवली, पण स्वतः लिहिलेलं हे एकच. आपल्या जबलपूरच्या ग्वारीघाटावरचा बिसन. त्याचा भाऊ नर्मदेत बुडून मरतो आणि भावाचा लहान मुलगा गोविंद बिसनच्या पदरात येतो. बिसन त्या पोराला जिवापाड जपतो. स्वतः दिवसभर नाव वल्हवतो, पण गोविंदला पाण्याच्या पायरीवर पाय ठेवू देत नाही. नाव साखळीने बांधून किल्ली कमरेला लावतो. पोरगा मोठा झाल्यावर त्याला नदीपासून दूर, सराफ्यात एका सोनाराकडे कामाला बसवतो. आणि एका पुराच्या दिवशी बिसन नावेसकट अडकतो. गोविंद धावत येतो, काकाला दोर द्यायला पाण्यात उतरतो आणि घाटाच्या पायऱ्यांपाशीच बुडतो. नावाड्याच्या घरचं पोर, आणि त्याला पोहता येत नाही.

तुम्ही पहिल्यांदा ते वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांत आधी मीच बोललो. म्हटलं, "ताई, हे बिसनवर अन्याय करणारं आहे. ज्याचा भाऊ गेला तो माणूस पोराला पाण्यात ढकलेल का? दोष नदीचा आहे."

तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "नदीला दोष कसा देऊ, सतीश? तिला नाटकात संवाद कुठे आहेत?"

लोक हसले. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मुद्दा काढला. म्हटलं, बिसन गुन्हेगार आहे, तर मग सगळे चांगले संवाद त्यालाच काहून दिले? तुम्ही म्हणालात, "कारण तो वाईट नाही, चुकून राहिला. वाईट माणसावर नाटक लिहायला मला वेळ नाही." तेव्हापासून तालमीनंतर चहाच्या वेळी आपलं हे चालू राहिलं. मी बिसनचा वकील, तुम्ही न्यायाधीश, आणि वासुदेवराव, जे बिसन करत होते, ते म्हणायचे, "अरे भाई, ज्याला फाशी देऊन राहिले त्याला कोणी विचारा तरी."

आज मला सांगावंसं वाटतं की तुमच्यासारखं काम करताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही. आपल्या पोरांना मराठी समजतं, पण जीभ हिंदीकडे पळते. दुसरं कुणी असतं तर वैतागलं असतं. तुम्ही आधी त्यांना आपला संवाद हिंदीत, घरी आईशी बोलतात तसा बोलायला लावायच्या, आणि त्यात जीव आला की मग मराठीत. एकदा एक पोरगा म्हणाला, "काका, मी नाव घेऊन जाऊन राहिलो हूं." सगळी तालीम हसून लोळली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "हूं राहू दे. घाटावरचा आहे, शोभून राहिलं." त्या पोराची मान सरळ झाली ती मी पाहिली.

पुराचं पाणी दाखवायला तुम्ही कुणाकुणाच्या घरून निळ्या साड्या मागून आणल्या. माझ्या बायकोची, वंदनाची, लग्नातलीसुद्धा. दोन्ही विंगांतून बायका त्या साड्या धरून हलवायच्या. वंदना म्हणायची, "माझी पैठणी नर्मदेत गेली." पण तीही हलवायला यायची.

गोविंदच्या कामासाठी मुलगा मिळेना, कारण त्याला लांबलचक संवाद होते. तुम्ही गार्गीला उभं केलंत. माझी बहीण संध्या, तिची मुलगी. संध्या आणि जावईबापू नागपूर रोडवर मोटरसायकलच्या अपघातात गेले तेव्हा गार्गी माझ्याकडे होती, माझ्या मांडीवर बसून पोळीचा लाडू खात होती. त्यानंतर ती माझ्याकडेच राहिली. शाळेत मी सोडायचो, मीच आणायचो. कॉलेजलाही तसंच. माझी फॅक्टरीत ड्यूटी असली की ठरलेला ऑटोवाला. सगळ्या मैत्रिणी स्कूटीवर भुर्रकन जायच्या आणि ती आमच्या काचघर मोहल्ल्याच्या चौकात ऑटोची वाट पाहत उभी असायची. मला त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं. जबलपूरमध्ये वाढलेली, नोकरीच्या वयाला आलेली पोरगी, आणि तिला दुचाकी चालवता येत नाही.

हे वाक्य मी वर एकदा लिहिलं आहे, वेगळ्या शब्दांत. आज लिहिताना दिसलं. तुमच्या नाटकाचं पुस्तक हातात धरून मी बसलो होतो, तेव्हा दिसलं नाही.

तालमीत मी काय करायचो हे तुम्हाला माहीत आहे. गार्गी श्वास घ्यायला थांबली की मी विंगेतून पुढचं वाक्य सांगायचो. ती अडकायच्या आधीच. इतरांना मी अडकू द्यायचो, तिला नाही. तिच्या चेहऱ्यावर जरा रिकामेपण आलं की माझं बोट पुढच्या ओळीवर गेलेलं असायचं. एक दिवस तुम्ही तालीम थांबवलीत.

"सतीश, काहून घाई करून राहिला तू?"

"ती विसरली होती, ताई."

"ती विसरली नव्हती. गोविंद विचार करून राहिला होता. तू त्याला विचार करू देत नाही, आणि मग मलाच विचारतो की बिसनची काय चूक."

सगळ्यांसमोर. मला राग आला. तुम्ही आम्हाला पाहूनच हे नाटक लिहिलं का, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आला. तो मी विचारला नाही. तुम्हीही कधी सांगितलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या अंकाआधी तुम्ही विंगेत आलात आणि माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलंत. "जा, लोकांमध्ये जाऊन बस. नाटक पाहा एकदा." मी म्हटलं, कुणी अडकलं तर? तुम्ही म्हणालात, "तर अडकेल."

मी पाचव्या-सहाव्या रांगेत जाऊन बसलो. आणि गार्गी अडकलीच. गोविंद सराफ्यातून घाटावर येतो आणि काकाला म्हणतो, मला नाव वल्हवायला शिकव, तो प्रवेश. मला वाक्य पाठ होतं. ती वासुदेवरावांकडे पाहत उभी राहिली. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. मी खुर्चीतून अर्धा उठलो. मागून कुणीतरी म्हणालं, "भैया, बैठ जाइए, दिख नहीं रहा." मी बसलो. आणि गार्गी म्हणाली, "काका, तुला भीती माझी वाटते का स्वतःची? मी बुडलो तर तू एकटा राहशील, याची?"

हे पुस्तकात नव्हतं. वासुदेवरावांनाही उत्तर ठाऊक नव्हतं. ते वळले आणि साखळीला आणखी एक कुलूप असल्यासारखे खाली वाकून चाचपत राहिले. टाळ्या वाजल्या नाहीत. शेवटी त्या निळ्या साड्या वर आल्या तेव्हा माझ्या शेजारचा अनोळखी माणूस डोळे पुसत होता.

तुम्ही दुसऱ्याच दिवशी ते वाक्य पेनने पुस्तकात लिहून घेतलंत. "माझ्या वाक्यापेक्षा बरं आहे," म्हणालात. इतकी वर्षं शाळेत शिकवत आलेली बाई, आणि एका पोरीचं वाक्य आपल्या लिखाणाच्या वर मांडताना तुमचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. मी मात्र घरी जाताना गार्गीला म्हटलं, "पाठ नीट करायला पाहिजे होतं." असं म्हणालो मी.

आता शेवटच्या भेटीबद्दल लिहायला हवं. ते टाळत टाळत इथवर आलो आहे.

गार्गी रेल्वेची परीक्षा पास झाली, असिस्टंट लोको पायलटची. इंजिनात बसायचं काम. ट्रेनिंग बाहेरगावी, नंतर पोस्टिंग कुठेही, ड्यूटी रात्रीबेरात्री. मी नाही म्हटलं. इथे बँकेची तयारी कर म्हटलं. ती ओरडली नाही, रडली नाही. "मामा, मी तुला सोडून पळून नाही जाणार," म्हणाली. "तू हो म्हटलं तरच जाईन." भांडली असती तर सोपं होतं.

तुम्ही काचघरला आमच्याकडे आलात, खव्याची जिलबी घेऊन, पास झाली म्हणून. गार्गी घरी नव्हती. वंदनाने चहा ठेवला. तुम्ही विषय काढला आणि मी आधीच तयार बसलो होतो.

"ताई, नाटक वेगळं, घर वेगळं."

"घरातूनच येते ना रे नाटक."

"ती इंजिनात बसणार, ताई. रात्री, जंगलातून."

"हो. आणि मागे पूर्ण गाडी झोपलेली राहीन तिच्या भरवशावर. मला तर ऐकूनच छान वाटून राहिलं."

आणि मग मी ते बोललो. "तुम्हाला मूल असतं तर कळलं असतं."

वंदनाच्या हातातली गाळणी तशीच थांबली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही. एखादा नट चुकीच्या जागी उभा राहिला की तुम्ही जसं पाहायच्या, आता याला कसं सांगावं, तसं. मग म्हणालात, "चहा निवून राहिला तुझा." आपला चहा पूर्ण प्यायलात, वंदनाला जिलबी गरम करून खा म्हणालात, स्कूटरला किक मारली आणि गेलात. मी दारापर्यंत आलो नाही. मी उद्या येऊन माफी मागीन असं ठरवलं होतं. मग परवा. मग सकाळी वासुदेवरावांचा फोन आला की झोपेतच गेल्या.

त्या सकाळी तुमच्या दारात काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही, म्हणून सांगतो.

तिरडी बाहेर काढायची होती आणि फाटकाच्या बोळीत तुमची स्कूटर आडवी उभी होती. हँडल लॉक. चावी कुणाला सापडेना. तुमचा नागपूरचा पुतण्या ड्रॉवर उघडत होता, शेजारचे म्हणत होते उचलूनच बाजूला ठेवू. तेवढ्यात गार्गी सरळ स्वयंपाकघरात गेली, पोह्यांच्या डब्यामागे हात घातला आणि चावी घेऊन आली. कुणाला विचारलं नाही. लॉक काढलं, गाडी स्टँडवरून उतरवली. गल्लीत शववाहिनी उभी, गाड्या उभ्या, स्कूटर लांब कोपऱ्यावर न्यायला हवी होती. तिने आधी चोक ओढला, चावी न लावता एक पोकळ किक मारली, मग चावी लावून दुसरी. गाडी सुरू झाली. त्या म्हाताऱ्या गाडीची ही खोड तुमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. पदर खोचावा तशी तिने ओढणी कमरेला बांधली आणि लोकांमधून, गाड्यांमधून, हळू, एकही पाय न टेकता ती कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत गेली. वळवून गाडी लावली. मग तिथेच हँडलवर डोकं ठेवून रडली.

मी तिच्याकडे गेलो नाही. वंदना गेली. मी तिथेच उभा होतो, तुमच्याजवळ. मला तुमचा इतका राग आला होता, ताई, की तुम्हाला खांदा देताना मी कुणाकडेही मान वर करून पाहिलं नाही. आणि लोक म्हणत होते, सतीशला फार लागलं.

संध्याकाळी गार्गीला विचारलं, "कधीपासून?"

"नाटकाच्या तालमींपासून, मामा. तुझी ड्यूटी असली की तालीम लवकर संपायची. ताई मला शाळेच्या ग्राउंडवर घेऊन जायच्या."

"आणि मला वाटायचं तालीम चालू आहे."

"हां. सॉरी." मग म्हणाली, "मी तुला सांगणार होते. ताई म्हणाल्या, त्याला सांगायचं तर चालवून दाखव, तोंडाने नको सांगू. माझी हिंमत नाही झाली."

मी विचारलं, "त्यांना भीती नाही वाटली? तू पडली असती तर मला काय तोंड दाखवलं असतं त्यांनी?"

तेव्हा ती हसली. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा हसली. "खूप वाटायची, मामा. मी गाडी सुरू केली की ताई डोळे मिटून उभ्या राहायच्या. रामराम म्हणायच्या, मला ऐकू यायचं. मी घाबरून ब्रेक मारायची. तर ओरडायच्या, 'भीती मला वाटून राहिली तर मी डोळे मिटते, तू काहून ब्रेक मारते?'"

हे ऐकल्यापासून मला झोप लागलेली नाही, पण ती रागामुळे नाही. मला वाटत होतं की तुम्हाला भीती नाही, म्हणून तुम्हाला हे सगळं सोपं आहे. तुम्हाला मूल नाही, तुमचं कुणी अपघातात गेलं नाही. माझ्या घरी बसून, माझं ते वाक्य ऐकून घेताना तुमच्याकडे किती मोठं उत्तर होतं. एका वाक्यात मला खाली बसवता आलं असतं: तुझी पोरगी वर्षभर माझी गाडी चालवून राहिली. तुम्ही ते बोलला नाहीत. ते सांगणं गार्गीचं होतं, म्हणून तुम्ही तिच्यासाठी राखून ठेवलंत. तिला प्रॉम्प्ट केलं नाहीत. मुलाबद्दल मी जे बोललो त्यावर, ताई, माझ्याकडे आता कुठलंही स्पष्टीकरण नाही. ते मला मागे घेता येत नाही. इथे कागदावर लिहून ठेवतो की मी चूक बोललो होतो, आणि त्या पोरीची एक आई गेली होती तरी तिला तुमच्यात दुसरी मिळाली होती, जे मला घरात राहून दिसलं नाही.

बिसनची बाजू मी सोडतो. पोराला पाण्यापासून लांब ठेवून त्याने पाण्याला पोराची वाट पाहायला लावली. एवढं मान्य. पण माझा एक मुद्दा मी अजून सोडलेला नाही, आणि तो तुम्ही असता तर उद्याच्या चहाला काढला असता. शेवटच्या प्रवेशात गोविंद गेल्यावर बिसन आपल्या नावेची साखळी तोडतो आणि घाटावरच्या दुसऱ्या पोरांना म्हणतो, या, शिकवतो. तुम्ही ते वाक्य तिथेच तोडलं आहे. पोरं येतात का नाही ते दाखवलं नाही, पडदा पाडला. मी म्हणायचो, येऊ द्या की एखादं पोर, बिचाऱ्याला तेवढं तरी द्या. तुम्ही म्हणायच्या, "ते त्याच्या हातात नाही." मला अजूनही वाटतं एक पोर यायला हवं होतं.

तुमच्या पुतण्याने स्कूटर गार्गीला देऊन टाकली आहे. ती म्हणाली, घेते, पण मामा हो म्हणेल तर. पुतण्या माझ्याकडे पाहायला लागला. मी मान हलवली. आणि ती हो म्हणून मोजली गेली.

ट्रेनिंगचं काल रात्री जेवताना ठरलं. मी म्हटलं, "सोमवारी स्टेशनवर मी येईन सोडायला." ती म्हणाली, "मामा, तू हो म्हणून राहिला का?" मी म्हटलं, "वरण वाढ." वंदना म्हणाली, "हो म्हणून राहिला तो. जसा येतो तसा घे."

आज दुपारी हॉलची किल्ली वासुदेवरावांकडे पोचवायची होती, आणि तुमच्या घरी राहिलेल्या त्या निळ्या साड्याही धुऊन ज्याच्या त्याच्या घरी द्यायच्या होत्या. गार्गी म्हणाली, मी जाते. स्कूटरच्या पुढे साड्यांचं गाठोडं ठेवलं. पोकळ किक, मग खरी. मी ओट्यावर उभा होतो. ती निघाली तेव्हा मी डोळे मिटून पाहिले. तुम्हाला कसं जमायचं माहीत नाही, मला गाडी वळणापर्यंत ऐकू आली आणि मग उघडावेच लागले.

तिला निघून बराच वेळ झाला आहे. रस्त्यावर कुठल्याही स्कूटरचा आवाज आला की माझी मान वर होते. फोन मी मुद्दाम आत ठेवून आलो आहे. मगाशी एकदा चपला घालून मी फाटकापर्यंत जायला अर्धा उठलोही होतो. कुणी मागून काही म्हणालं नाही. तरी मी खाली बसलो, आणि हे लिहीत आहे.